म्होरक्या

ज्याने कधी संघ निवडला आहे त्याला ठाऊक असते, की पहिली दहा नावे लिहायला पाच मिनिटे लागतात आणि अकराव्या नावासाठी रात्र जाते. कोल्हापुरात आमच्या तालमीच्या, म्हणजे आमच्या फुटबॉल मंडळाच्या, खोलीत २०१४ च्या हंगामातल्या एका रात्री ते अकरावे नाव आमच्या कप्तानाचे होते. सकाळी शाहू स्टेडियमवर उपांत्य सामना होता. खोलीत आम्ही तिघे होतो, समोर वहीचे पान होते आणि पानावर स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, जागी कुणाचेच नाव नव्हते. कप्तान अडतीस वर्षांचा होता. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करून, दुसरी पाळी संपवून तो रात्री साडेअकराला घरी जात असे आणि पहाटे साडेपाचला सरावाला हजर होत असे. सोळा हंगाम त्याने आमची मधली बचावाची जागा सांभाळली होती. त्याच्या मागे एकोणीस वर्षांचा एक मुलगा तयार होता, उंच, वेगवान आणि अबोल.

आम्ही कप्तानाचे नाव लिहिले. का लिहिले, हे त्या रात्री आम्ही एकमेकांना अनेकदा सांगितले. मोठा सामना आहे, पोरे घाबरतील, मैदानात कुणीतरी बोलणारा हवा, त्याचा वचक आहे, समोरच्या पेठेची पोरेसुद्धा त्याला मान देतात. त्याचा पाय अजून चालतो का, हा प्रश्न तिघांच्याही मनात होता. तो कुणीही तोंडावर आणला नाही.

वयस्कर खेळाडूला नेतृत्वासाठी संघात घ्यावे का याबद्दल, विशेषतः भारताच्या फुटबॉल संघाचा कर्णधार राहिलेल्या सुनील छेत्रीच्या निवृत्तीनंतरच्या, २०२५ मधल्या पुनरागमनाबद्दल, जेव्हा जेव्हा वाद ऐकतो किंवा वाचतो तेव्हा मला ती खोली आठवते. तो वाद मला परका वाटत नाही, कारण त्यातली दोन्ही बाजूंची वाक्ये मी स्वतः बोललेलो आहे. आज अकरा-बारा वर्षांनी मला जे वाटते ते सांगण्याआधी छेत्रीची हकिकत नीट मांडायला हवी, कारण आपल्याकडे तिचे शेवटचे पानच तेवढे वाचले जाते.

१२ जून २००५ रोजी क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध त्याने भारताकडून पहिला सामना खेळला आणि त्याच सामन्यात गोल केला. ६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर तो थांबला, तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामने आणि ९४ गोल होते. सहा-सात वर्षे नव्हे, एकोणीस वर्षे. या काळात किती प्रशिक्षक आले आणि गेले, किती क्लब उघडले आणि बंद पडले, किती जणांना 'पुढचा छेत्री' म्हटले गेले आणि मग विसरले गेले. गोव्यात धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या दोन्ही क्लबांकडून तो खेळला, दोन हंगाम मुंबईकडूनही खेळला; पण त्याची खरी ओळख निळ्या जर्सीचीच राहिली.

त्याला मी प्रत्यक्ष पाहिले ते जून २०१८ मध्ये. अंधेरीच्या मैदानावर चौरंगी स्पर्धा होती. भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, छेत्रीने तीन गोल केले आणि ते पाहायला जेमतेम अडीच हजार माणसे आली होती. दुसऱ्या दिवशी त्याने समाजमाध्यमावर हात जोडावेत तशी विनंती केली, की आम्हाला नावे ठेवा, शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या. ते पाहून आम्ही सहा जण रविवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. आमचा कप्तानही बरोबर होता. खेळणे थांबवून त्याला चार वर्षे झाली होती. सोमवारी, ४ जूनला, केनियाविरुद्ध छेत्रीचा शंभरावा सामना होता. पाऊस असा कोसळत होता की चेंडू मध्येच पाण्यात अडकून थांबत होता, आणि तरीही स्टेडियम भरलेले होते. भारत ३-० असा जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे. गोल झाल्यावर सगळे उठून नाचत होते आणि आमचा कप्तान मात्र माझी बाही ओढून वेगळेच काही दाखवत होता. "सर, गोल सोडा. आपला बॉल गेला की ह्यो काय करतोय तेवढंच बघा."

मी पाहू लागलो. भारताच्या पायातून चेंडू सुटला की पहिला पळणारा माणूस छेत्री असे. केनियाच्या बचावपटूने मान वर करून पुढे पाहायच्या आत तो त्याच्या अंगावर गेलेला असे. चेंडू त्याला मिळेच असे नाही, बहुधा मिळतच नसे. पण तो धावला की त्याच्या मागची मधली फळी दहा पावले वर सरके आणि ती सरकली की बचावाची फळी वर येई. एका माणसाच्या धावण्याने अख्खा संघ उचलला जात होता, जसा गाडीचा म्होरक्या बैल नेट लावतो आणि मागचे जूं आपोआप ताठ होते. तो कुणालाही ओरडत नव्हता, हातवारे करत नव्हता. चिखलातून पळत होता, तेही तेहतिसाव्या वर्षी.

त्या दिवशी मला समजले की नेतृत्व हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मैदानावरचे नेतृत्व ही स्वभावाची गोष्ट जितकी असते तितकीच ती जागेची असते. गोलकीपर आणि स्टॉपर यांच्यासमोर सगळे मैदान उघडे असते. ते बोलून संघ चालवू शकतात. कोण मोकळा सुटला आहे, फळी केव्हा वर आणायची, कॉर्नरला कुणी कुणाला धरायचे, हे डोळ्यांचे आणि जिभेचे काम आहे आणि डोळे व जीभ पायांच्या मानाने उशिरा म्हाताऱ्या होतात. म्हणून चाळिसाव्या वर्षी इटलीचा कर्णधार असलेला डिनो झॉफ १९८२ चा विश्वचषक उचलू शकला. ब्राझीलविरुद्ध अखेरच्या मिनिटांत ऑस्करचा हेडर त्याने रेषेवर दाबून धरला नसता तर इटली उपांत्य फेरीतही गेली नसती. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरो स्पर्धेत एक्केचाळिसाव्या वर्षी फ्रान्सविरुद्ध जादा वेळेसह पूर्ण १२० मिनिटे उभा राहिला.

आघाडीच्या खेळाडूची पाठ मात्र स्वतःच्या संघाकडे असते. त्याने ओरडून सांगितले तरी ते मागे कुणाला ऐकू जात नाही. त्याचे नेतृत्व दिसते ते धावण्यातून, उडीतून, अंगावर बचावपटू घेऊन चेंडू पायाशी राखण्यातून. म्हणजे आघाडीवीर आपले नेतृत्व पायांनी करतो, आणि पाय थकले की त्याचे मैदानावरचे नेतृत्वही थकते. ड्रेसिंग रूममधले राहते, सरावातले राहते, नव्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवणे राहते. ते मोलाचे आहे, पण त्यासाठी अकरांतली जागा लागत नाही.

आता २०२५ कडे येतो. छेत्री गेल्यानंतर भारतीय संघाची अवस्था वाईट झाली होती. २०२४ मध्ये भारताने एकही सामना जिंकला नाही. अर्थात हेही सांगितले पाहिजे की त्या वर्षाच्या पहिल्या पाच-सहा महिन्यांत तो संघातच होता. जानेवारीत कतारमधल्या आशियाई चषकात तो कर्णधार होता आणि भारताने तीनही सामने एकही गोल न करता गमावले. मार्चमध्ये गुवाहाटीत आपल्या १५० व्या सामन्यात त्याने पेनल्टीवर गोल केला, पण अफगाणिस्तानने आपल्याला घरच्या मैदानावर २-१ असे हरवले. तो गेला म्हणून संघ कोसळला, हे सांगणे सोपे आहे, पूर्ण खरे नाही.

तरीही मार्च २०२५ मध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी त्याला परत बोलावले तेव्हा मी त्या निर्णयाच्या बाजूने होतो आणि आजही आहे. त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये बेंगळुरू एफसीकडून त्याने १४ गोल केले, भारतीय खेळाडूंमध्ये सर्वांत जास्त. चाळिशीतला माणूस देशातल्या प्रत्येक तरुण आघाडीवीरापेक्षा जास्त गोल करत असेल, तर त्याला कोणत्या तोंडाने नाकारणार? तिथे नेतृत्वाचा प्रश्नच नव्हता, गोलांचा होता. १९ मार्चला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध तो परतला. आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने पहिला गोल केला, गोव्याच्या लिस्टन कुलासोने दुसरा आणि छेत्रीने हेडरवर तिसरा. नोव्हेंबर २०२३ नंतर, म्हणजे सोळा महिन्यांनी, भारत जिंकला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले होते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आनंदाच्या त्या क्षणी जे दुखत होते तेही सांगतो. चौदा गोल करणारा तो भारतीयांमध्ये पहिला होता. लीगमध्ये पहिला होता मोरोक्कोचा अलाएद्दीन अजाराई, २३ गोलांसह. आपल्या लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात आणि बहुतेक क्लब त्यातला एक हमखास नंबर नऊच्या, म्हणजे मधल्या आघाडीवीराच्या, जागी लावतात, कारण गोल विकत घ्यायचा असेल तर तो तयारच घेतलेला परवडतो. मग आमच्या कोल्हापुरातून, गोव्यातून, मणिपुरातून, मिझोराममधून जो मुलगा शाळेत असताना मधला आघाडीवीर असतो, त्याला क्लबमध्ये गेल्यावर बगलेला ढकलले जाते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडी फळीत होता तेव्हा शहरभर फलक लागले होते. त्या वेळी आम्हाला वाटले होते की आता आमच्याकडून रांग लागेल. त्या स्पर्धेला एवढी वर्षे झाली आणि देशाला अजून नंबर नऊ सापडलेला नाही. छेत्रीला परत बोलावणे ही त्याच्यासाठी गौरवाची गोष्ट होती, पण आपल्या फुटबॉलसाठी ती कबुली होती, आणि ती कबुली आपण जल्लोषात बुडवून टाकली.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत २५ मार्चला शिलाँगमध्येच बांगलादेशविरुद्ध ०-०. १० जूनला हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेत पेनल्टी देऊन ०-१ असा पराभव. मार्केझ गेले आणि ऑगस्टमध्ये खालिद जमील आले, ज्यांना आपण महिंद्र युनायटेडच्या दिवसांपासून ओळखतो. त्यांनी मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपसाठी छेत्रीला घेतले नाही. त्या स्पर्धेत भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात हरवले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले. तिथे संघाला धरून ठेवणारी माणसे कोण होती हे पाहण्यासारखे आहे: गोलमध्ये तेहतीस वर्षांचा गुरप्रीत आणि बचावात बत्तीस वर्षांचा संदेश झिंगन, ज्याचे इराणविरुद्ध गालाचे हाड मोडले. म्हणजे ज्येष्ठ खेळाडू त्याही संघात होते, पण ज्या जागेवरून बोलता येते त्या जागेवर.

आणि मग ऑक्टोबर आला. सिंगापूरविरुद्धच्या दोन सामन्यांसाठी छेत्रीला पुन्हा बोलावण्यात आले. तो आता एक्केचाळीस वर्षांचा होता. मार्चमध्ये तो ऐन हंगामातून, पायांत सामने घेऊन आला होता. ऑक्टोबरमध्ये लीगच बंद होती, करारांच्या घोळात हंगाम सुरूच झाला नव्हता. ही अडचण सगळ्याच खेळाडूंची होती, हे खरे. पण बावीस वर्षांचे शरीर दोन महिने सामना न खेळता आठवड्यात तयार होते आणि चाळिशी ओलांडलेल्या शरीराला प्रत्येक बसलेला आठवडा व्याजासकट फेडावा लागतो. आमच्या कट्ट्यावर त्या दिवसांत मी ऐकत होतो की कुणीही त्याच्या गोलांबद्दल बोलत नव्हते. अनुभव आहे, दडपणात पोरांना सांभाळेल, नाव ऐकूनच समोरचे दबकतील. २०१४ च्या आमच्या खोलीतलीच वाक्ये, शब्दही तेच. त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

सिंगापूरमध्ये झिंगनला लाल कार्ड मिळूनही रहीम अलीच्या ९० व्या मिनिटातल्या गोलामुळे १-१ अशी बरोबरी हाती लागली. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यात छांगतेने सुरुवातीलाच लांबून सुरेख गोल केला, आणि मग सिंगापूरच्या साँग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक व नंतर एक असे दोन गोल केले. १-२. आशियाई चषकाची वाट त्या रात्री बंद झाली. आम्ही तालमीच्या खोलीत मोबाइलभोवती बसून तो सामना पाहिला. हा पराभव छेत्रीमुळे झाला असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गोल खाल्ले ते मागे. पण देशासाठी ९५ गोल केलेल्या माणसाचा शेवट गोव्यातल्या त्या रात्री, अशा सामन्यात व्हावा, जिथे त्याच्याकडून आठवणींच्या बळावर काहीतरी घडेल अशी अपेक्षा धरली गेली, हे मला सहन झाले नाही. आपल्या सर्वांत निष्ठावान माणसाकडून आपण शेवटी जे मागितले ते त्याच्याकडे उरलेले नव्हते. आणि तो नाही म्हणणारा नव्हता, म्हणून तर आपण मागितले.

माझ्या विरुद्ध बाजूलाही बळ आहे, ते लपवत नाही. कॅमेरूनचा रॉजर मिला निवृत्त होऊन रीयुनियन बेटावर जाऊन राहिला होता. १९९० मध्ये देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी गळ घातली म्हणून तो अडतिसाव्या वर्षी विश्वचषकाला आला आणि त्याने चार गोल केले, कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीत गेला. रोनाल्डोला २०२२ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध बाहेर बसवले तेव्हा त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसने तीन गोल केले आणि वाद मिटला असे वाटले. २०२४ च्या युरोत तो एकही गोल न करता खेळत राहिला तेव्हा तर मिटलाच असे वाटले. आणि जून २०२५ मध्ये चाळिसाव्या वर्षी त्याने नेशन्स लीगच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध आणि अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध गोल करून सगळ्यांना खोटे पाडले. यांना घेतले ते चुकले, असे कोण म्हणेल?

पण मिलाची हकिकत थोडी जवळून पाहावी. इटलीतल्या त्या स्पर्धेत तो एकाही सामन्यात सुरुवातीच्या अकरांत नव्हता. समोरचे बचावपटू दमले की तो उतरे. त्याच्यात किती मिनिटांचा खेळ शिल्लक आहे हे कुणीतरी भावनेत न वाहता मोजले होते आणि तेवढाच त्याच्याकडून मागितला होता. चार वर्षांनी, बेचाळिसाव्या वर्षी, त्याला पुन्हा अमेरिकेला नेले. रशियाविरुद्ध त्याने गोल केला आणि विश्वचषकातला सर्वांत वयस्कर गोल करणारा ठरला. तो सामना कॅमेरून १-६ असा हरला. तोच माणूस, तेच नाव, तीच पुण्याई. पहिल्या वेळी त्याला कामासाठी नेले होते, दुसऱ्या वेळी त्याने संघाला काय दिले हे त्या आकड्यावरून दिसते.

म्हणून मला निवडसमितीला एकच विचारायचे असते. या खेळाडूचे नाव कागदावर झाकून, त्याने गेल्या सहा महिन्यांत जे केले तेवढेच दाखवले, तर तुम्ही त्याला घ्याल का? घ्याल, तर तो साठ वर्षांचा असला तरी घ्या आणि त्याचे नेतृत्व वरकड मिळाले म्हणून आनंद माना. घेणार नसाल, तर नेतृत्वाचे कारण पुढे करू नका. त्या कारणाने तरुणाची जागा जाते हे तर आहेच, पण मला त्याहून मोठे नुकसान वाटते ते दुसरेच, आणि ते मी आमच्या मैदानावर पाहिले आहे.

त्या उपांत्य सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो. कप्तान नेहमीसारखाच उतरला होता: घोट्याला घट्ट क्रेप बँडेज, त्यावर मोजे, मोजे घसरू नयेत म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले कडे आणि दंडावर पट्टी. पहिला अर्धा तास तो उत्तम खेळला, कारण चेंडू त्याच्या समोर पडत होता. उत्तरार्धात समोरच्यांनी चेंडू त्याच्या पाठीमागे टाकायला सुरुवात केली. संपायला सात-आठ मिनिटे असताना त्यांच्या डाव्या बगलेच्या पोराने त्याला एकदा हुलकावणी दिली. कप्तान वळला, त्याचा आतला पाय गवतात रुतला आणि तो गुडघ्यावर बसला. गोल झाला. पण माझ्या डोळ्यांसमोर आजही येते ते त्याचे पडणे नव्हे. चेंडू गोलसमोरून जात असताना आमचे तीन बचावपटू, ज्यातला कुणीही पाय घालून तो बाहेर मारू शकला असता, जागच्या जागी उभे राहून पडलेल्या कप्तानाकडे बघत होते. सोळा वर्षे त्याने सांगायचे आणि बाकीच्यांनी करायचे अशी आमची रीत होती. त्या क्षणी सांगणारा खाली पडला होता आणि ऐकणाऱ्यांना स्वतःचा आवाजच नव्हता. टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो.

रात्री तो कामावर गेला नाही. तालमीत आला, पट्टी नीट घडी करून टेबलावर ठेवली आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही दोष न देता म्हणाला, "पोरं माझ्याकडं बघत हुती सर, बॉलकडं न्हाई."

पुढच्या मंगळवारपासून तो सरावाला गोलच्या जाळीमागे उभा राहू लागला. एकोणीस वर्षांचा तो अबोल मुलगा स्टॉपरला. आठवडाभर कप्तान जाळीमागून सगळे सांगत होता: वर ये, डावीकडचा मोकळा आहे, थांब, आता जा. मुलगा तंतोतंत करत होता. दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे कप्तान आला आणि नुसताच उभा राहिला. कॉर्नर आला, मुलाने सवयीने मागे वळून पाहिले. कप्तानाने तोंडावर बोट ठेवले. गोल झाला. दुसरा कॉर्नर आला, पुन्हा त्याने वळून पाहिले, पुन्हा गोल झाला आणि पोरे वैतागून मुलावर ओरडू लागली. जाळीमागे कप्तानाच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. सोळा वर्षांची सवय घशाशी येऊन थांबली होती आणि त्याने मूठ जाळीत आवळून धरली होती. तिसरा कॉर्नर आला. चेंडू उंच, पहिल्या खांबाच्या अलीकडे वळत होता. तीन जण एकदम त्याखाली सरकले. आणि त्या गर्दीतून, अर्धा फुटलेला, पोरसवदा, पण मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचलेला एक आवाज आला, "सोडा, माझा!"